मागे उरणारा श्वास

पूर्ण दिवसांचं, निरोगी बाळ जन्मलं आणि पहिल्याच मिनिटाला त्याच्या उजव्या हाताला पल्स ऑक्सिमीटर लावला, तर पडद्यावर ६०-६५ असा आकडा दिसतो. मोठ्या माणसाचा ऑक्सिजन इतका खाली गेला तर त्याला स्ट्रेचरवर घालून पळवतील. प्रसूतिगृहात मात्र या आकड्याने कुणाच्याही कपाळावर आठी उमटत नाही. पाचव्या मिनिटाला तो ८०-८५ वर येतो आणि दहाव्या मिनिटापर्यंत ८५ ते ९५ च्या घरात पोचतो. या दहा मिनिटांत त्या इवल्या देहात जी उलथापालथ होते, तशी दुसरी माणसाच्या आयुष्यात क्वचितच होत असेल.

पोटात असताना फुप्फुसांकडे श्वासाचं काम नसतंच. ऑक्सिजन येतो तो वारेतून, नाळेवाटे. फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, आणि हे पाणी म्हणजे आत शिरलेलं गर्भजल नव्हे. फुप्फुसांच्या पेशी ते स्वतः पाझरवतात. त्या पाण्याच्या दाबामुळेच फुप्फुसांची वाढ नीट होते. हृदयातून निघालेलं बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. त्यासाठी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक फट ठेवलेली असते, आणि फुप्फुसाच्या धमनीतून थेट महाधमनीत निघणारी एक आडवाटही असते. ऑक्सिमीटर उजव्याच हाताला लावायचा, त्याचं कारणही हेच. त्या हाताकडे जाणारं रक्त आडवाट मिळण्याआधीच महाधमनीतून फुटलेलं असतं, त्यामुळे मेंदूला कसं रक्त मिळतंय याचा अंदाज तिथे येतो.

कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं. ज्या पेशी इतके महिने पाणी पाझरवत होत्या, त्याच आता ते शोषून घेऊ लागतात. कळा न येताच ठरवून सिझेरियन केलेल्या काही बाळांना जन्मल्यावर एक-दोन दिवस धाप लागते ती यामुळेच. त्यांचं पाणी हटायला उशीर होतो. बाहेर येताच पहिल्या काही श्वासांच्या रेट्याने उरलेलं पाणी वायुकोशांच्या भिंतींपलीकडे ढकललं जातं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे धाव घेतं, हृदयातल्या फटीवर पडदा बसतो आणि आडवाट पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत मिटते.

मग बाळ रडतं. बाहेर उभे असलेले नातेवाईक तो आवाज ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या रडण्यात बाळ नेमकं काय करतं, हे मात्र थक्क करणारं आहे. घसा आवळून ते हवा अडवत अडवत सोडतं. त्यामुळे आत घेतलेली सगळी हवा बाहेर जात नाही. प्रत्येक श्वासागणिक थोडी मागे उरते, आणि बघता बघता वजनाच्या दर किलोमागे २५-३० मिलिलीटर हवा फुप्फुसांत मुक्कामाला येते. नवजात बाळांच्या श्वसनोपचारांत जे काही शोध लागले, त्यांतले बहुतेक या मागे उरणाऱ्या हवेभोवती फिरतात.

फेसात दडलेलं उत्तर

नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते. एकदा तो थोडा फुगला की पुढचं सोपं. पण दर वेळी पूर्ण रिकामा करून, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू देऊन पुन्हा फुगवायचा म्हटलं तर गाल दुखून येतील. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ मिनिटाला साठ-सत्तर वेळा हेच करत असतं.

वायुकोश आतून ओलसर असतात. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. त्यालाच पृष्ठताण म्हणतात. गोल पोकळीच्या आतल्या बाजूला असा पाण्याचा थर असेल, तर ती ओढ पोकळीला आत दाबते आणि पोकळी जितकी लहान, तितका हा दाब जास्त. म्हणजे श्वास सोडताना वायुकोश आकसला की तो आणखी आकसायला बघणार आणि शेवटी मिटणार. तुमच्या-माझ्या छातीत असे तीस कोटींहून जास्त वायुकोश आहेत, आणि ते मिटत नाहीत. का?

स्विस शास्त्रज्ञ कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ साली डुकराची फुप्फुसं आधी हवेने आणि मग द्रवाने भरून पाहिली. द्रवाने भरायला कितीतरी कमी दाब लागला. हवा आणि पाणी जिथे भेटतात तो पृष्ठभागच नाहीसा झाल्यावर पृष्ठताणही गेला होता. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासासाठी हे महत्त्वाचं असावं, असंही त्यांनी लिहून ठेवलं. पुढची पंचवीस वर्षं त्याकडे जवळपास कुणी फिरकलं नाही.

दार उघडलं ते भलतीकडून. इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन इथे विषारी वायूंचा फुप्फुसांवर होणारा परिणाम अभ्यासताना रिचर्ड पॅटल यांच्या लक्षात आलं की फुप्फुसांतून येणाऱ्या फेसाचे बुडबुडे फुटत नाहीत, तासन्‌तास टिकतात. हे १९५५ साल. दोन वर्षांनी अमेरिकेत, तेही लष्कराच्याच रासायनिक केंद्रात, जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसांतून काढलेल्या द्रवाचा पृष्ठताण मोजला. पृष्ठभाग आकसला की त्याचा ताण झपकन उतरत होता. फुप्फुसांत असं काहीतरी होतं जे पाण्याची ओढ मोडून काढत होतं. त्याला सरफॅक्टंट हे नाव मिळालं.

सरफॅक्टंट म्हणजे मुख्यतः मेद आणि थोडी प्रथिनं. वायुकोशांच्या भिंतीतल्या खास पेशी ते तयार करतात आणि पाण्याच्या थरावर पसरवतात. खरं नवल पुढे आहे. वायुकोश फुगलेला असताना सरफॅक्टंटचे कण विरळ असतात. श्वास सोडताना तो आकसतो, तसे हे कण दाटीवाटीने एकमेकांना भिडतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर आणतात. मिटण्याचा धोका ज्या क्षणी सर्वांत जास्त, त्याच क्षणी संरक्षणही सर्वांत जास्त. त्यासाठी मेंदूचा आदेश लागत नाही, मज्जातंतू लागत नाहीत. जागा कमी झाली, एवढी एक गोष्ट पुरते.

त्या काळी दिवस भरण्याआधी जन्मलेली कितीतरी बाळं पहिल्या दोन-तीन दिवसांत गुदमरून जात. शवविच्छेदनात वायुकोशांत काचेसारखा चिकट पापुद्रा दिसे, म्हणून डॉक्टर त्या पापुद्र्यालाच दोषी धरत. बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या मेरी एलन एव्हरी यांना मात्र जे दिसत नव्हतं त्याने अस्वस्थ केलं. या बाळांच्या फुप्फुसांत फेस नव्हता, हवा उरलेलीच नव्हती. डॉक्टर झाल्यावर त्यांना स्वतःला क्षयरोग झाला होता आणि तेव्हापासून त्यांना फुप्फुसांचा ध्यास लागला होता. त्या क्लेमेंट्स यांना जाऊन भेटल्या, त्यांची मोजणीची रीत शिकून आल्या, आणि १९५९ मध्ये जेर मीड यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं की या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट पुरेसं नसतं. ते गर्भात साधारण २४ व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतं आणि पुरेसं व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. बाळ त्याआधी आलं, तर त्याचा प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच अवघड.

कारण कळलं, पण उपाय हाती यायचा होता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो, म्हणजे तसं बरं. बॉस्टनच्या मोठ्या रुग्णालयात त्याला उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवून पाहिलं. ३९ तासांनी तो गेला. आज तेवढ्या दिवसांचं आणि तेवढ्या वजनाचं बाळ एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दाखल झालं, तर ते बरं होऊन घरी जाईल असंच डॉक्टर धरून चालतात.

बाळच आधी शिकवतं

या बाळांचं एक लक्षण जुन्या सिस्टर नुसत्या कानाने ओळखतात. बाळ कण्हतं. प्रत्येक श्वास सोडताना बारीक ‘अं... अं...’ असा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बाळाला कुठेतरी दुखतंय. पण १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की कण्हणाऱ्या बाळाच्या घशात नळी घातली आणि कण्हणं बंद झालं, की त्याच्या रक्तातला ऑक्सिजन घसरतो. म्हणजे ते कण्हणं हा बाळाने स्वतःच शोधलेला उपचार होता. घसा अर्धवट मिटून ते हवा मागे ठेवू पाहत होतं, वायुकोश मिटू नयेत म्हणून.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या जॉर्ज ग्रेगरी यांनी हा धागा पकडला. बाळ जे करतंय तेच आपण त्याच्यासाठी करू: श्वास त्याचा तोच घेईल, आपण फक्त आतला दाब शून्यावर येऊ द्यायचा नाही. १९७१ मध्ये त्यांनी अशा २० बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतली १६ जगली. या पद्धतीला आज जगभर ‘सीपॅप’ म्हणतात.

यातला बबल सीपॅप हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. बाळाच्या डोक्यावर घट्ट टोपी, टोपीला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या नळ्या आणि नाकपुड्यांत मऊ रबराची दोन टोकं. एका नळीतून ऊब आणि ओलावा दिलेली हवा येते, गरजेपुरता ऑक्सिजन मिसळून. दुसऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. ती ५ च्या खुणेपर्यंत बुडवली, की बाहेर पडणाऱ्या हवेला ५ सेंटिमीटर पाण्याचा दाब ओलांडावाच लागतो. तेवढा दाब बाळाच्या फुप्फुसांत कायम राहतो. दाब वाढवायचा तर नळी एक खूण खाली सरकवायची. हवा-ऑक्सिजनचं मिश्रण, ऊब आणि ओलावा यांना यंत्र लागतं. दाब मात्र पाणीच धरून ठेवतं.

बाटलीत अखंड बुडबुडे येत असतात आणि सिस्टरचा एक कान तिकडे लागलेला असतो. बुडबुडे थांबले, म्हणजे कुठेतरी हवा निसटतेय. नाकातलं टोक सरकलं असेल, बाळाने तोंड उघडलं असेल किंवा नळीचा जोड सुटला असेल. पोटात हवा भरून ते फुगू नये म्हणून तोंडातून एक बारीक नळी जठरापर्यंत सोडून उघडी ठेवतात. नाकपुड्यांमधला पडदा दाबला जाऊन तिथली त्वचा सोलवटू नये, म्हणून दर काही तासांनी टोकं काढून पाहतात. बाटलीतलं पाणी आटलं तर भर घालतात. अशा बारीक कामांवर हा उपचार उभा असतो, आणि ती करणारे हात बहुतेक वेळा परिचारिकांचे असतात.

पुढचं पाऊल, थोडं मागे

सरफॅक्टंट नाही म्हणून वायुकोश मिटतात, तर ते आधीच तयार करून घेता येईल का? न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळाच शोध घेत होते: कळा कशामुळे सुरू होतात? गर्भातल्या कोकरांना त्यांनी स्टेरॉइड दिलं. त्यांतलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं की त्याला श्वास घेता यायलाच नको होता, तरी ते श्वास घेत होतं. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्या साथीने २८२ गर्भवतींवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये ती छापली. ज्यांच्या आईला स्टेरॉइड मिळालं त्या बाळांमध्ये श्वसनाच्या या आजाराचं प्रमाण ९ टक्के होतं, बाकीच्यांत जवळपास २६ टक्के. तरी हा उपाय सर्रास वापरात यायला आणखी वीसेक वर्षं गेली. आज अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झाल्या, तर भारतात आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांच्या अंतराने चार. औषध आईला टोचायचं, ते वार ओलांडून बाळाच्या फुप्फुसांपर्यंत पोचतं.

सरफॅक्टंट बाहेरून देण्याचा पहिला ठळक यशस्वी प्रयोग जपानमध्ये झाला. तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून काढून तयार केलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि त्याचा अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आता डुकराच्या फुप्फुसांपासून बनवलेलंही मिळतं. दिसायला दुधासारखं पांढरं. एक किलोच्या बाळाला एका वेळी अडीच मिलिलीटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, आणि तेवढ्याने काही मिनिटांत ऑक्सिजनची गरज उतरताना दिसते.

व्हेंटिलेटरनेही असंख्य बाळं वाचवली, पण त्याची किंमतही लवकरच दिसली. १९६७ मध्ये विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं की व्हेंटिलेटर आणि भरपूर ऑक्सिजन यांच्यावर तगलेल्या काही बाळांच्या फुप्फुसांवर व्रण राहतात. यंत्राचा जोर कोवळ्या भिंतींना सोसत नव्हता. तेव्हापासून या शाखेत हुशारीचं माप बदललं. कमीत कमी किती मदतीवर बाळ स्वतः श्वास घेईल, हा प्रश्न पुढे आला. जर्मनीतल्या कोलोन इथे रुळलेल्या पद्धतीत बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच अगदी बारीक नळीने सरफॅक्टंट आत सोडतात आणि नळी लगेच काढून घेतात. आणि अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायलाच विसरतात, वीस-वीस सेकंद थांबतात, तेव्हा त्यांना जे औषध देतात ते असतं कॅफिन, कॉफीतलंच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की कॅफिन मिळालेल्या बाळांची यंत्रावरून लवकर सुटका होते आणि फुप्फुसंही कमी बिघडतात.

ऑक्सिजनची गोष्ट तर आणखी धडा देणारी आहे. १९४० च्या दशकात आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत अशा बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाई, आणि त्यांतली हजारो मुलं आंधळी झाली. डोळ्याच्या पडद्यातल्या कोवळ्या रक्तवाहिन्या जास्तीच्या ऑक्सिजनने बिघडत होत्या. १९५० मध्ये सहा आठवडे आधी जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांच्यातलाच. मग ऑक्सिजन फार आखडता घेतला तेव्हा काही बाळं दगावली. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात, आणि ९८ दिसलं तर आनंद मानण्याऐवजी ऑक्सिजन कमी करतात. हे जमतं ते जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या पल्स ऑक्सिमीटरच्या तत्त्वामुळे. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मल्यावर रडलं नाही, तर त्याला शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा हा नियमही असाच मोडला. दिल्लीत सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टॅड यांच्या चमूने १९९३ मध्ये दाखवलं की खोलीतली साधी हवाही तितकंच काम करते. आता सुरुवात त्या हवेनेच होते.

हवा अडकते तेव्हा

वर्ष-दीड वर्षाच्या मुलांच्या वॉर्डात गेलं की प्रश्न उलटा होतो. इथे हवा आत जाते, पण बाहेर पडायला वाट मिळत नाही. श्वासनलिकेचा व्यास ४ मिलिमीटर धरला आणि आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली, तर वाट उरते २ मिलिमीटरची. अडथळा मात्र दुप्पट होत नाही, सोळा पट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मोठ्या माणसाला ज्या विषाणूने नुसतं नाक गळतं, तोच आरएसव्ही लहान बाळाला ब्रॉन्किओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज) देऊन रुग्णालयात पोचवतो. छाती फुगलेली, सूं सूं आवाज, दूध ओढता येत नाही. उपचार पाहून पालक कधी कधी नाराज होतात: नाक साफ ठेवणं, लागेल तेवढा ऑक्सिजन, पोटात पुरेसं दूध-पाणी. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. सूज उतरेपर्यंत मुलाला थकू न देणं हाच उपचार.

थकवा हा खरा शत्रू. लहान मुलाच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या असतात, त्यामुळे श्वासाचा बहुतेक भार श्वासपटलावर पडतो. त्याने जोर लावला की छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो. ते दिसलं, की थांबायचं नसतं.

आणि ते पाहायला डॉक्टरच लागतो असं नाही, हे गडचिरोलीने सिद्ध केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या वेगाने चाललाय. पुढे त्यांच्या आरोग्यदूत गावातच, न रडलेल्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास देऊ लागल्या. घरोघरी दिलेल्या या सगळ्या नवजात सेवेमुळे तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरी येऊन बाळ तपासतात.

मोजायची रीत कुणालाही जमण्यासारखी आहे. मूल शांत किंवा झोपलेलं असावं, अंगावरचं झबलं वर करावं, पोट वर येताना एक मोजावं, आणि पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी दाखवायला हवं. छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळे दिसत असतील किंवा त्याने दूध सोडलं असेल, तर मोजत बसू नये. उठावं आणि निघावं.